साडेएकोणीसचा उंचवटा

मकरपुऱ्याच्या त्या शेडमध्ये गिरणी म्हणजे
जातं नाही, पट्टा नाही, पिठाचा वास नाही.
शेगडीएवढी पेटी. आत चार पोलादी डबे,
डब्यांत गोळ्या, आणि गोळ्यांमध्ये
साबुदाण्यासारखं पॉलिथिन, मोजून दहा ग्रॅम.
पीठ पाडायचं नाही, काका. घाव घालायचे.
हे ऋजुता धारकरनं पहिल्या दिवशी सांगितलं
आणि मी, नरसिंग शितोळे, लेथवर तेवीस वर्षं काढलेला,
कळल्यासारखी मान हलवली.

दर दहा मिनिटांनी थांबवा, म्हणाली.
वीस मिनिटं गार होऊ द्या. मग पुन्हा दहा.
का, विचारलं तर वहीच्या पाठीवर चौकट काढली:
आत साखळ्या असतात, लांबच लांब,
खाटेच्या नवारीसारख्या मागेपुढे दुमडून बसलेल्या,
चौकटीचे सगळे कोन काटकोन.
घाव बसला की त्यातला एक कलतो.
एकच.
काही साखळ्यांना मग जागाच सापडत नाही,
त्या नुसत्या पडून राहतात, गुंत्यासारख्या.
पण ऊब लागली, की कललेला कोन पुन्हा सरळ.
जणू काही झालंच नव्हतं.

रात्री मी एकटा. बाहेर पंचालच्या वर्कशॉपातला कुत्रा,
आत गोळ्यांचा आवाज, पत्र्यावर चणे ओततच राहावेत तसा.
तीनला डोळा लागला.
उठलो तेव्हा डब्याला हात लाववेना.
फडक्यानं उचलला, निववला, लेबल लावलं,
वहीत लिहिलं: सर्व थांबे घेतले.
अक्षर मुद्दाम चांगलं काढलं.

फतेहगंजच्या क्ष-किरणाच्या यंत्राला अक्षर वाचता येत नाही.
कागदावर दोन जुनी शिखरं,
साडेएकविसाला एक, चोविसाजवळ दुसरं, जरा बसकी,
आणि साडेएकोणिसाला, जिथे नवं उगवायचं होतं,
सपाट.
ती बराच वेळ कागद बघत राहिली.
मग, डबा तापला होता का?
हा बेन, म्हणालो. गुजरातीत.
वडोदऱ्यात आमच्या पाच पिढ्या झाल्या,
खोटं पकडलं गेलं की माझी भाषा अशी कलते.

ओरडली असती तर बरं झालं असतं.
तिनं पुन्हा दहा ग्रॅम मोजले.
त्या रात्री मी खुर्ची बाहेर नेऊन ठेवली.
संध्याकाळी सात ते सकाळी सात, चोवीस थांबे, उभ्यानं.
आणि आला. भाकरीवर फुगा धरावा, न धरावा, एवढा.
तिनं बोट ठेवलं तेव्हा बोटाखाली झाकला गेला.

ती आता दहेजला असते.
उरलेली पूड माझ्या खणात, काचेच्या कुपीत.
दर वर्षी उन्हाळा ओसरला की
चिमूटभर घेऊन फतेहगंजला जातो. कुणी सांगितलेलं नाही.
खिशात नेत नाही, अंगाची ऊब लागते.
डब्यात, बर्फाच्या पिशवीला टेकवून.
यंत्रावरचा मुलगा हसतो, एका सेव-उसळीवर लावून देतो.

शेडचा पत्रा मे महिन्यात काय ओततो, ते कुपीला माहीत.
उंचवटा दर वर्षी थोडा खचतो.
यंदा चष्मा पुसून दोनदा बघितलं,
मग कागद उजेडाला आडवा धरून.

वहीत तारीख टाकली. पुढे लिहिलं: अजून आहे.
आणि कुपी सगळ्यात खालच्या खणात हलवली,
तिथे भिंत जरा गार असते.