बोल्ट

बंदूक एकच होती, थ्री-नॉट-थ्री.
नळी अल्याड, रंगरावाच्या गड्यांकडं.
बोल्ट वारणेपल्याड, संस्थानच्या हद्दीत,
माणदेशातनं आलेल्या बिरा मोट्याच्या मुंडाशात.
काडतुसं पायगोंडाच्या तंबाखूच्या वखारीत,
कारण पायगोंडा कुणाचाच नव्हे,
एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं जुळलं.

शपथ मात्र एकत्र झाली.
बेलभंडारा उचलला: इंग्रज जाईस्तवर आपण एक.
माणसं मीच आणली, आंब्याच्या जातीचा मी,
गुळाच्या काहिलीतनं.
गुऱ्हाळ बंद असलं की तीच आमची नाव.
सात जण मावतात.
कोण कुणाच्या मांडीला मांडी लावणार
यावर शुक्राची चांदणी उगवली
आणि नऊ माणसांना मला चार खेपा पडल्या.

काठावरचे म्हणायचे, मेंढरामागं हिंडणाऱ्यांना
लढाईतलं काय कळतंय?
माणदेशी म्हणायचे, उसात लपून कुणीबी शूर.
आणि तुका मंडले, रामोशी,
वाटेला पुढं, पंगतीला मागं,
दोघांचं ऐकून मुकाट पत्रावळ उचलायचा.

भादव्यात पाणी चढलेलं.
तुका आला धापा टाकत.
"पोलिसांची गाडी आली. बोल्ट आण."
मी पल्याड गेलो. बिरानं मुंडासं सोडलं,
बोल्ट हातात घेतला, परत गुंडाळला.
"रंगरावाची चिठ्ठी आण. माघारी देतो म्हणून."
म्हटलं, रंगराव अंगठेबहाद्दर.
"मग अंगठा आण."

मी अंगठा आणायला निघालो.
मधल्या धारेत ऐकले
तीन बार.
आमचे कसे असतील?
आमच्याकडं नुसती नळी.

तुका चिलारीच्या कुपाला पडला होता,
तोंड वाटेकडं.
त्या रात्री दोन्ही काठ म्हणाले, आमचा होता.
सरणाला लाकडं कुणी द्यायची
यावर उजाडलं.

दुसऱ्या दिवशी बिरानं बोल्ट दिला,
बिनचिठ्ठीचा.
मागायला कुणी आलं नाही.

शाळेपुढं आता दगड आहे नावांचा.
रंगराव वर का बिरा वर,
यापायी दोनदा दगड बदलला.
तुका शेवटच्या ओळीत, "व इतर" मधे.

दर भादव्यात मी बोल्टाला करडीचं तेल लावतो.
नातू विचारतो, आबा, कुठल्या दाराची कडी ही?
मी फडकं त्याच्या हातात देतो.
नीट पूस, म्हणतो. खाचेत माती राहते.