लिग्ज

चौथीत इंग्रजी सुरू होतं असं म्हणतात.
खरं म्हणजे सेसोथो बंद होते.
ज्या तोंडाने तिसरीपर्यंत पाढे म्हटले, चहाड्या केल्या,
तेच तोंड आता माझ्याकडे बघतं, मिटून.

पाच वाक्यं लिहा, मी सांगितलं होतं. माझं घर.
पहिल्यात विषय, मधे तीन, शेवटी समारोप:
तपासनीस बाईंच्या तक्त्यात घर असंच बांधतात.

खोथात्सोने लिहिलं:
माय फादर लिग्ज.
माय ग्रँडमदर ही इज ओल्ड.
द स्काय इज ग्रीन.
चौथं वाक्य रबराने खरवडलेलं, कागद भोकापर्यंत आलेला.
पाचवं नाहीच.

मी लाल पेन उघडलं.
ही नव्हे, शी.
आमच्याकडे आजी, आजोबा, दाराशी आलेला पाहुणा
एकाच सर्वनामात मावतात, कुणाला दाटी होत नाही.
“पण म्मे, आजी म्हटल्यावर कळलंच ना?
परत कशाला सांगायचं?”
याचं उत्तर माझ्या प्रशिक्षणात नव्हतं.

आभाळ ग्रीन नव्हे, ब्लू.
आमचा एकच शब्द गवतावरून उठून आभाळात जातो.
फारच अडलं तर म्हणतो, गवताचा तो, आभाळाचा तो.
एरवी अडत नाही.
मोखोत्लोंगच्या डोंगरात कोण विचारतंय?

लिग्जला मात्र मी हसले.
हसायला नको होतं.
आमच्या लिपीत एलशेजारी आय बसला की डि वाजतो;
कुणा फ्रेंच पाद्र्याने कधीकाळी ठरवून टाकलं,
आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तेच गिरवलं.
डिग्ज त्याला बरोबर ऐकू आलं होतं.
बरोबरच लिहिलं होतं त्याने,
फक्त आमच्या अक्षरात.

मग दोन आठवडे डी.
डीचं पोट कुठल्या बाजूला, काठी कुठल्या.
रॉकेलच्या स्टोव्हभोवती, कांबळी गळ्यापर्यंत ओढून,
आधी सेसोथोत सांगा, मग लिहा,
असं मी म्हणायची, दार लावून घेऊन.
दार का लावते ते मुलांना सांगितलं नाही.
त्यांना ते इंग्रजीच्या आधी कळलं होतं.

डी जमला. इतका जमला
की सेसोथोच्या वहीतही उतरला:
जेवणाचा शब्द, लिजो लिहून डिजो वाचायचा,
तो खोथात्सोने चक्क डीने लिहिला.
झालं, म्हटलं, एक भाषा शिकवता शिकवता दुसरी सांडली,
आणि गोल केला. लाल.

तो काही बोलला नाही.
कांबळ्याच्या आतून त्याने एक कागद काढला,
घड्यांवर फाटत आलेला, वडिलांचा.
पैसे पाठवतो आहे. आधी डिजो,
मग वही-पेन, उरलं तर म्हातारीचं औषध.
डिजो. डीने.

मला ठाऊक होतं खरं तर.
नदीपलीकडे, सरहद्दीपलीकडे, हीच भाषा,
हाच शब्द, आणि तिकडे तो डीनेच लिहितात.
अकरा वर्षं माणूस तिकडच्या सोन्याखाली खणतोय.
त्याचं स्पेलिंगही आता तिकडेच राहतं.

लाल शाई पुसता येत नाही.
गोलाशेजारी मी लिहिलं: हेही बरोबर.

“परीक्षेत पण?”
परीक्षेत एल, मी म्हटलं.
“आणि बाबाला लिहिताना?”
बाबाला डी.

त्याने मान हलवली, जसं कुणी
दोन गावांच्या दोन वाटा समजून घेतं,
कागद पुन्हा कांबळ्यात सरकवला
आणि फळा पुसायला उठला, आज पाळी त्याची होती.
हात पोचेल तेवढं पुसलं.
वरची एक ओळ राहिली,
आजची तारीख, इंग्रजीत.