तिसरा फिल्टर

ऑर्व्हिल श्टास्नीचा फोन आला तेव्हा उजाडत होतं.
म्हणाला, "परत बसली गं,
कालव्याच्या वळणावर."
बसली म्हणजे त्याची पिकअप. डबक्यात म्हैस बसावी तशी,
काठी घेऊन उठवता न येणारी.

मी दोन फिल्टर घेऊन निघाले.
पहिला गेल्या सोमवारी, दुसरा गुरुवारी.
एकानं भागत नाही हे आता कळायला लागलंय.

ही गाडी आयुष्यभर साधं पेट्रोल प्यायली,
मग बारा वर्षं गोठ्यात, ताडपत्रीखाली,
टाकीत अर्धं तसंच.
या महिन्यात म्हाताऱ्यानं अचानक तिला
पंच्याऐंशी टक्के मद्यार्क पाजायला घेतला.
पिवळ्या नळीचा, गॅलनमागे नव्वद सेंटांनी स्वस्त.
आणि वर पंपावरच्या पोरीलाही ऐकवतो :
"माझाच मका. मीच पेरला, मीच कापला,
मीच त्या कारखान्यात नेऊन ओतला.
आता मीच जाळतोय, कुणाचं काय जातंय?"

कार्बोरेटरची जेटं मी रुंद करून दिली होती,
केसाएवढ्या ड्रिलनं, श्वास धरून.
रबरी नळ्या बदलल्या. पंप बदलला.
टाकी उतरवून धुऊ या म्हटलं
तर म्हणाला, "टाकीला काय झालंय?"

टाकीला काही झालं नव्हतं. तेच तर.
पेट्रोल तळाच्या गाळाला हात लावत नाही,
वर्षानुवर्षं त्याच्यावरून जातं
शेजाऱ्यासारखं, हवापाण्याचं बोलत.
मद्यार्काला ती रीतभात नाही.

पोचले तेव्हा तो मागच्या फळकुटावर पाय सोडून बसला होता,
बियाणं कंपनीची टोपी, थर्मासचं झाकण गुडघ्यावर.
नेब्रास्कात ऑक्टोबर म्हणजे दोन्ही बाजूंना नुसती धसकटं,
आणि लांब, कारखान्याच्या चिमणीवर
वाफेचा एक पांढरा खांब, वारा नसल्यानं ताठ.
आंबलेल्या पिठाचा वास इथवर येत होता.

गाडीखाली शिरले. फिल्टर काढला,
कागदावर उपडा करून ठोकला.
काकवीसारखं काहीतरी. त्यात गंजाची रवाळ तांबडी.
त्यानं बोट लावलं, बोटाकडं बघितलं.
"हे सगळं आत होतं?"
"होतं."

मग तो बराच वेळ बोट पँटला पुसत राहिला
आणि म्हणाला, "गाडी मिलोची."
मला माहीत होतं. गावाला माहीत होतं.
फक्त त्याच्या तोंडून बारा वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.
"तेलाच्या विहिरींवर जातो म्हणाला. वायोमिंगात.
मी म्हटलं, मक्याचं खाऊन तेलाचं गातोस,
किल्ली ठेव आणि जा.
ठेवली त्यानं. तिथं, पावाच्या डब्याशेजारी."
मी नळीचा क्लॅम्प आवळत होते, उगाच,
आवळून झालेला.

"मायलेज किती?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.
"सतराचं बारा."
"मग स्वस्त कुठं पडतंय?"
"नाहीच पडत," म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला,
दात कमी, तरी सगळे दाखवून.

चौथ्या प्रयत्नाला इंजिन धरलं.
आधी खोकलं, मग गोडसर धूर.
"अजून किती फिल्टर लागतील, डार्ला?"
"टाकी निवळेपर्यंत."
"म्हणजे किती?"
"मला काय माहीत, ऑर्व्हिल."

इंडिकेटर डावीकडं लुकलुकला. त्याचं घर उजवीकडं.
डावीकडं पश्चिमेचा रस्ता, आणि माझ्या आठवणीनं
त्या बाजूला पुढं पिवळी नळी कुठंच नाही.
सांगणार होते. मागच्या हौद्यात बघितलं तर
दोरीनं जखडलेले पाच कॅन, काठोकाठ.

धावत जाऊन
उरलेला फिल्टर मी खिडकीतून आत टाकला.
पैशांचं त्यानं विचारलं नाही. मीही नाही.