एकोणीस डॉलर

कोर्टाच्या तळघरात, बॉयलरच्या भिंतीला लागून
आमचं कायद्याचं वाचनालय. कुणीही यावं.
माझ्या टेबलावर पाटी आहे:
'इथे सल्ला मिळत नाही.'
पुस्तक काढून द्यायचं, अर्थ सांगायचा नाही,
याचाच पगार मी एकवीस वर्षं घेते आहे.

ओडेसा प्रूइट आली तेव्हा चार वाजत आले होते.
वृद्धाश्रमाच्या धोबीखान्यातून थेट,
हातांना ब्लीचचा वास,
आरोपपत्र घडीवर घडी घालून
नाण्यांच्या बटव्यात मावेल इतकं लहान केलेलं.
"पोरानं पाणी उपसायचा पंप उचलला," ती म्हणाली.
मग थोड्या वेळानं, मी काही विचारलं नसताना,
"चोरला."

पंपाची किंमत रेघेच्या एकोणीस डॉलर वर.
रेघेखाली किरकोळ गुन्हा,
रेघेवर गंभीर.
आणि नदीवरचा पूल ओलांडला की दुसरं राज्य,
तिथली रेघ तिथल्या लोकांनी आखलेली, बरीच उंच.
लेव्हॉननं तोच पंप, त्याच रात्री, त्याच खांद्यावर
अर्धा मैल पूर्वेला घेतला असता
तर या कागदावरचा शब्द वेगळा असता.
ओडेसा हसली.
"पुलाचा टोल वाचवला असेल त्यानं."

मी खंड दिला. ती बोट ठेवून वाचत गेली,
औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचावीत तशी.
कलम. पोटकलम.
पोटकलमाच्या पोटात आणखी एक 'परंतु'.

तिचा नवरा पीचच्या बागेत कलमं बांधायचा.
साल चढते, ती सांगत होती, फळंही धरतात,
पण सांधा बुजत नाही.
तीस वर्षांनी जाणता माणूस खोडावरून हात फिरवतो
आणि म्हणतो, इथे कापलं होतं.
मुलाला लागलेल्या कलमाबद्दल
ती काहीच बोलली नाही.

"किमतीत विक्रीकर धरतात का?"

मी पाटीकडे पाहिलं.
उत्तर वरच्या फळीवर होतं, राखाडी खंडात,
कुणाच्या तरी गवत कापायच्या यंत्राच्या खटल्यात.
मी शिडी लावली. धूळ पुसायच्या निमित्तानं
तो खंड खाली आणला, तिच्या कोपरापाशी ठेवला,
आणि एका पानात माझी पेन्सिल विसरले.

"शिक्षा अकरा महिने म्हणतात.
बाकीचं कुठे लिहिलंय?"

बाकीचं एका जागी लिहिलेलं नाही.
मी ढकलगाडी आणली.
न्हाव्याचा परवाना व्यवसायांच्या खंडात
(लेव्हॉनचे शिकाऊ नऊशे तास भरले होते),
सरकारी घराची खोली गृहनिर्माणात,
मत निवडणुकांच्या खंडात, प्रकरणाच्या शेपटाला,
मुलीला भेटायचे रविवार कौटुंबिक कायद्यात.
शिक्षा न्यायाधीश मोठ्यानं वाचून दाखवतात.
ही पानं कुणी वाचत नाही.
ती नंतर घरी येतात, एकेक करून,
नाकारलेल्या अर्जाच्या पाकिटातून,
'पूर्वी शिक्षा झाली आहे का?'
या प्रश्नापुढच्या नखाएवढ्या चौकोनातून.

ती गाडीकडे बघत राहिली.
म्हणाली, "एवढं त्या पंपानं ओढलं?"

झेरॉक्स पानाला पंचवीस सेंट.
तिनं हातानं उतरवून घेतलं,
लॉन्ड्रीच्या यादीच्या पाठकोऱ्या बाजूवर.

पाच वाजता मी दिवे घालवायला उठले.
माझी पेन्सिल तिच्या हातात होती,
राखाडी खंड उघडा,
आणि कागदावर वजाबाकी: पंप, त्यातून कर वजा,
उत्तर रेघेच्या सात डॉलर खाली.
तीनदा करून पाहिली होती, एकाखाली एक.
"बरोबर आहे ना?"

वकील सोमवारी भेटणार होता, बारा मिनिटं.
सरकारी वकील मान्य करतील की नाही, देव जाणे.
पाटी माझ्याकडे बघत होती.

मी कागद दिव्याखाली धरला, हातचे तपासले.
म्हटलं, "वजाबाकीचं मी सांगू शकते.
वजाबाकी बरोबर आहे."