कोणाकडे

कुपवाड एमआयडीसीत, हळद दळायच्या कारखान्यात
मी गेटवर बसते. निळा शर्ट, शिट्टी, नोंदवही.
इथं सगळंच पिवळं होतं,
नखं, चहाचा कप, पगाराची स्लिप.

हे काम मला दस्तगीर चाचांनी शिकवलं.
त्यांचे वडील हरिपूरला पेवात उतरायचे.
चाचा सांगायचे, "पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतंय.
आधी दोरीला बांधून दिवा सोडायचा.
जळत राहिला तर माणूस.
विझला तर थांबायचं,
व्यापाऱ्याला कितीबी घाई असू दे.
त्यात पेवाचा अपमान नसतोय गं.
आत काय साचलंय, ते पेवाला तरी कुठं ठावं?"

मी मान डोलावली. कळलं नव्हतं.

चाचा रिटायर झाले, त्याच्या पुढच्या आषाढात तो आला.
खांद्यावर शिडी,
हातात साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा बॉक्स.
"ऐनापुरे साहेबांना नातू झाला की ओ! तुम्हाला नाही कळलं?
एसी बघून येतो, तेवढं दार धरा मावशी."
साहेबांना खरंच नातू झाला होता.
पेढाही खरा होता, खमंग, ताजा.
मी दार धरलं.
आईनं शिकवलेलं: हात भरलेल्या माणसाला
दार धरावं.

अर्ध्या तासानं तो गेला. हात हलवून गेला.
चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाचे पैसे
भलत्याच खात्यात पोचले.
मला कुणी काही बोललं नाही.
बोलले असते तर बरं झालं असतं.
साहेब एवढंच म्हणाले, "बारशाचं मीच साऱ्या गावाला सांगत सुटलो होतो."
शिडी तो विसरून गेला. गोडाऊनमागं उभी आहे अजून,
तिच्यावर दोडक्याचा वेल चढलाय.
त्याचे दोडके कुणी नेत नाही.

आता मी विचारते.
वीजमंडळाचा माणूस देतो त्या नंबरवर नाही,
माझ्या वहीतल्या नंबरवर फोन लावते.
एकीच्या कार्डावर दोघी येत असतील तर दुसरीला म्हणते,
तू थांब, तुझं तू दाखव.
मालकांचा मुलगा बारा मिनिटं गाडीत बसून होता,
काच खाली घेतली नाही त्यानं.
पॅकिंगच्या बायका मला कलेक्टरीण म्हणतात.
म्हणू देत.

परवा दुपारी सायकल टेकवून चाचा उभे.
कॅरिअरला पिशवी, पिशवीत पत्रिका. शाहिस्ताचं लग्न.
"आत जाऊन सगळ्यांना देऊन येतो," म्हणाले,
आणि सवयीनं फाटकाच्या कडीला हात घातला.
मी म्हटलं, "चाचा, नाव लिहा. आत विचारते तोवर."

"मी?"

एकतीस वर्षं ते बसले त्या खुर्चीत मी बसलेली.
खुर्चीचा खड्डा त्यांचाच, मला अजून मोठा होतो.
फोन वाजत राहिला. जेवणाची सुट्टी, कोण उचलणार?
मी त्यांच्याकडं बघितलं नाही,
रिसीव्हरच्या भोकांकडं बघत राहिले.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
वहीत सावकाश लिहिलं.
एक पत्रिका खिडकीत ठेवली, बाकीच्या पिशवीतच.
"ऊन लई झालंय," म्हणाले, आणि सायकलवर बसले.

तेवढ्यात आतून आवाज आला,
"अगं, चाचांना कसलं विचारतीस, पाठव की!"
ते वजनकाट्यापलीकडं गेले होते.
हाक मारली. ट्रकच्या आवाजात पोचली नसेल.
की पोचली होती, कोण जाणे.

संध्याकाळी वही मिटताना ओळ दिसली.
नाव: दस्तगीर मुजावर.
काम: लग्नपत्रिका.
कोणाकडे, या रकान्यात माझं नाव:
कौसल्या, गेट.

यायची वेळ बारा चाळीस.
जायची मी अजून भरली नाही.