इयत्ता सहावी, ग्युम्री

येरेवानहून निघालो तेव्हा व्हॅनमध्ये
एक भूकंपमापक, लांब स्प्रिंग, कपडे धुवायचं घमेलं,
आणि ज्वालामुखीचे फसफसलेले दगड,
पाण्यावर तरंगणारे, पोरांना हमखास आवडणारे.
विद्यापीठाच्या पत्रात एकच ओळ जाड ठशात:
मुलांना हात लावू द्या.

वर्गात हीटर जेमतेम. पोरं कोटातच बसलेली.
ह्राच्याने दगड पाण्यात सोडला, तो बुडेना,
तर तळाशी दाबून धरला,
दगडाचंच काहीतरी चुकलंय अशा रागाने.
सेदा म्हणाली, आमचं घर काळ्या दगडाचं आहे,
तोही ज्वालामुखीचाच ना?
मग पूर आला तर घर तरंगेल?
मला पटकन सांगता आलं नाही.

मग यंत्र लाकडी जमिनीवर ठेवलं, वायर जोडली,
म्हटलं, आता सगळे मिळून उडी मारा.
एक, दोन,
फळ्या दणाणल्या, खडू घरंगळत टेबलाखाली गेला,
पडद्यावरच्या रेघेला डोंगर फुटला.
पुन्हा! पुन्हा!
अराक्सी दर वेळी उशिरा उडायची,
तिची टेकडी वेगळी यायची,
ती तिने बोटाने सगळ्यांना दाखवली.

बाई उडी मारत नव्हत्या.
शुशानिकबाई दाराच्या चौकटीत उभ्या,
एक हात या बाजूला, एक त्या,
उंबऱ्याच्या आत नाहीत, बाहेर नाहीत.
मी मनात वर्षं मोजली.
त्या डिसेंबरात त्याही सहावीतच असणार.
यंत्र बंद करायला वाकलो
तर म्हणाल्या, असू दे. खेळू दे त्यांना.

घंटा झाली. वर्गात ओल्या कोटांचा वास उरला.
बाई आल्या, खुर्ची ओढली नाही,
स्कर्ट सावरून जमिनीवरच बसल्या
आणि एका बोटाने फळीवर टकटक केलं,
आत कुणी आहे का, असं विचारल्यासारखं.
रेघ हलली. तांदळाच्या दाण्याएवढी.
'एवढंसुद्धा कळतं याला?'
'हो, बाई.'
'तेव्हा आम्ही नुसते कान लावायचो.'

त्यांनी पुन्हा टकटक केलं. थांबल्या.
माझाही श्वास अडकला.
रेघ सपाट. बराच वेळ सपाट.
मग कुठूनशी बारीक थरथर आली,
थांबली, पुन्हा आली, मोठी होत गेली.
मी पडद्याकडे बघत राहिलो.
बाईंनी बघितलंही नाही.
'ह्राच्या,' त्या म्हणाल्या,
'टोपी विसरलाय. दोन-दोन पायऱ्या चढतो नेहमी.'