चावीवाला

माझगावच्या टेकडीखाली एकवीस वर्षं मी पाणी सोडतो.
खांद्यावर पाच फुटी लोखंडी चावी,
खिशात घामाने पुसट झालेलं वेळापत्रक.
झाकण उचलायचं, चावी बसवायची, आटे मोजायचे.
उघडायला अडतीस.
बंद करताना मात्र सावकाश,
घाई केली की पाणी आतल्या आत डोकं आपटतं
आणि पाईप तिसऱ्याच गल्लीत फुटतो.

हे ठाऊक होतं.
माझ्या डोक्यातही कुणी चावी घेऊन बसलंय, हे नव्हतं.

रात्री दोन वाजून दहा मिनिटं.
उजव्या डोळ्यामागे, फक्त उजव्या.
तो डोळा गळतो, तीच नाकपुडी गळते,
आणि पडून राहवत नाही म्हणून
मी गॅलरीत येरझारा घालतो,
कठड्याच्या गार लोखंडावर कपाळ टेकत, उचलत.
दीड महिना, रोज, त्याच मिनिटाला.
मग वर्षभर बेपत्ता.
एवढं वक्तशीर आमच्या खात्यात कुणी नाही.

नायरमध्ये डॉक्टर तस्नीम घडियालींनी
केसपेपरच्या पाठीवर एक देठ काढला, त्यावर फ्लॉवरचा गड्डा.
"मेंदूला स्वतःला दुखत नाही, तोडणकर.
दुखतं त्याच्या आवरणाला, रक्तवाहिन्यांना.
आणि त्यातलं किती वर येऊ द्यायचं
ते इथून ठरतं, या देठातून."
खाली जाणारे बाण. "थोडं सोड. थोडं आवळ.
हे वर, बदामाएवढं, घड्याळ.
तुमच्यात बहुतेक तेच बिघडतं."

"म्हणजे चावीवाला," मी म्हटलं.
त्यांना शब्द माहीत नव्हता.
त्यांच्या इमारतीला टाकी आहे.
मग पाच मिनिटं मी शिकवलं, त्यांनी ऐकलं,
बाहेर रांग खोकत होती.

"गोळ्या किती घेता?"
रोज तीन. कधी चार.
पेन खाली ठेवलं त्यांनी.
"रोज बाहेरून दाबत राहिलात
तर आतला आपलं काम विसरेल.
मग गोळीच दुखवेल."
मला लाईनला चोरून मोटार लावणाऱ्या बिल्डिंगी आठवल्या.
एकीने लावली की सगळ्यांना लावावी लागते,
आणि शेवटी कुणालाच पाणी नाही.

आता पलंगाशी ऑक्सिजनचा सिलिंडर.
दोन दहा. मंदाकिनी झोपेतच कॉक फिरवते,
मास्क माझ्या तोंडावर धरते, तोही कधी उलटा.
मी आटे मोजतो. एक. दोन. अकरा.
पूर्वी शिव्या द्यायचो, डोक्याला, नशिबाला,
त्या आतल्यालाही.
पण वेळ चुकली की लोक मला काय काय म्हणतात
ते मी ऐकलेलं आहे.
एवढ्या मोठ्या वॉर्डाला तोही एकटाच असेल,
कुणी रजा दिली नसेल.
सावकाश रे, म्हणतो. सावकाश आवळ.

साडेचारला डोंगरीचं झाकण उचलतो.
वरच्या मजल्यांवर नळ खाकरतात.
आधी हवा येते,
मग थोडं गढूळ,
मग पाणी.